गाडीखालचा पेट्रोलचा थेंब
(जुन्या कार्बोरेटरच्या मोटारसायकलीची गळती कुठून होते, कशी शोधावी, कशी बंद करावी)



या पानावर नेहमी बेणे, लागण, खत आणि पाणी यांविषयी लिहिले जाते. या वेळचा विषय जरा निराळा आहे, पण शिवाराबाहेरचा नाही. टेंभुर्णी भागात ऊस पाहणीसाठी फिरताना बांधावर, विहिरीजवळ, गोठ्याच्या दारात ज्या गाड्या उभ्या दिसतात, त्यांत जुन्या कार्बोरेटरच्या मोटारसायकली अजून पुष्कळ आहेत. एखाद्याकडे वडिलांच्या वेळची राजदूत किंवा येझदी आहे, कोणाकडे हिरो होंडाची सीडी १००, तर बहुतेकांकडे स्प्लेंडर. दुधाच्या किटल्या, वैरणीचा भारा, खताचे पोते, सगळे या गाडीवरूनच येते-जाते. गाडी जुनी झाली तरी मोडवत नाही, आणि मोडण्याचे कारणही नाही.

मात्र यातल्या कितीतरी गाड्यांखाली जमिनीवर ओला डाग असतो आणि जवळ गेले की पेट्रोलचा वास येतो. मालकाला विचारावे तर उत्तर ठरलेले, "चालतंय की साहेब, दोन थेंबानं काय हुतंय?"

दोन थेंबांनी काय होते आणि ते दोन थेंब घरच्या घरी कसे थांबवावेत, एवढेच या लेखात सांगायचे आहे.

थेंबाचा हिशोब

आधी पैशाचे बघू. रात्री गाडी उभी केल्यावर गळतीच्या जागेखाली एक लहान बाटली लावावी आणि सकाळी मोजावे. रात्रीत ५० मिलिलिटर जमले, म्हणजे चहाच्या अर्ध्या कपाएवढे, तर महिन्याला दीड लिटर आणि वर्षाला १८ लिटर पेट्रोल जमिनीत गेले. लिटरला शंभर रुपये धरले तरी अठराशे रुपये झाले. जो भाग बदलून ही गळती थांबते, तो पुष्कळदा एवढीशी रबरी चकती असते. थेंबे थेंबे तळे साचे हे खरे, पण इथे तळे साचत नाही, खिसा आटतो.

पण पैशाचे नुकसान हे लहान नुकसान. मोठे नुकसान आगीचे. पेट्रोलची पेटणारी वाफ उणे ४० अंशांच्या आसपासच्या थंडीतही तयार होते, मग आपल्या सोलापूर जिल्ह्याच्या उन्हाळ्यात काय होत असेल याचा विचार करावा. ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरते. सरीतून पाणी जसे उताराने जाते, तशी ही वाफ सखल जागेत आणि पाचटात शिरून बसते. डोळ्याला दिसत नाही. तिला प्लगच्या फुटक्या टोपीतून उडणारी ठिणगी, बॅटरीची सैल तार किंवा कोणी टाकलेली बिडी पुरते.

आता तोडणीच्या हंगामातले आपले शेत डोळ्यांपुढे आणा. वाळलेल्या पाचटाचा थर, त्यावर उभी केलेली गाडी, कॉक चालू, खाली थेंब. आडसाली उसाला सोळा-अठरा महिने पाणी पाजून वाढवलेले पीक घटकाभरात जळते. जळालेल्या उसाचे वजन घटते, साखर उतरते, तो ताबडतोब तोडून गाळावा लागतो आणि वर कपातीचा प्रश्न येतो. आग बांध ओलांडून शेजाऱ्याच्या फडात गेली तर पुढचे बोलायलाच नको. गोठ्यात जनावरांपाशी किंवा चुलीच्या खोलीलगत अशी गाडी लावली तर धोका पिकापुरता राहत नाही. म्हणून गळकी गाडी आधी पाचटातून, गोठ्यातून आणि चुलीपासून दूर काढावी, दुरुस्तीचे मग बघावे.

पेट्रोलची वाट ओळखून घ्या

ज्याला ठिबक संच कळतो त्याला कार्बोरेटर अवघड नाही. पेट्रोल टाकीतून आपल्या वजनाने खाली येते. टाकीच्या बुडाला कॉक, कॉकपासून रबरी नळी, काही गाड्यांत मध्ये लहान फिल्टर, आणि नळी पुढे कार्बोरेटरला. कार्बोरेटरच्या खाली एक वाटी असते. तिच्यात फ्लोट तरंगतो. घरावरच्या पाण्याच्या टाकीत तरंगता गोळा पाणी भरले की तोटी बंद करतो ना, तेच काम इथे फ्लोट करतो. वाटी भरली की फ्लोट वर उचलला जातो आणि त्याच्यावरची सुई, म्हणजे नीडल, पेट्रोलच्या भोकात बसून वाट बंद करते. पेट्रोल खर्च झाले की फ्लोट खाली येतो आणि वाट उघडते. वाटीतले पेट्रोल बारीक जेटमधून हवेबरोबर इंजिनात ओढले जाते. खत सोडायचे व्हेंचुरी जसे पाण्याच्या ओढीने खत ओढते, तसाच हा प्रकार.

सुई नीट बसली नाही तर वाटी भरून वाहते. ते जास्तीचे पेट्रोल बाहेर जावे म्हणून बहुतेक कार्बोरेटरना खाली ओव्हरफ्लोची नळी असते. मेकॅनिक लोक "गाडी ओव्हर होतीय" म्हणतात ते हेच.

एक खुलासा करतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाल्यावर नव्या मोटारसायकलींत बहुतेक ठिकाणी कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आले. त्या गाडीत पंप असतो आणि नळीत पेट्रोल दाबाखाली असते. तिची नळी घरी खोलू नये. हा लेख जुन्या गाडीपुरताच आहे.

गळती वरून खाली शोधावी

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असे पुष्कळदा होते. कॉक गळत असतो, पेट्रोल नळीवरून ओघळत कार्बोरेटरवर येते, आणि माणूस कार्बोरेटर खोलून बसतो. म्हणून शोध नेहमी टाकीपासून सुरू करून खाली यावे.

१. गाडी मोकळ्या हवेत, सपाट जागी, मधल्या स्टँडवर लावावी. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. चावी काढावी. आसपास बिडी, चूल, दिवा नको. जवळ पाटीभर कोरडी माती किंवा वाळू ठेवावी.

२. टाकीचे बूड, कॉक, नळी आणि कार्बोरेटर कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसावे. धुळीवरचे जुने डाग दिशाभूल करतात.

३. खाली वर्तमानपत्र पसरावे. कॉक बंद ठेवून दहा-पंधरा मिनिटे थांबावे. या वेळात ओल आली तर गळती टाकी किंवा कॉकमध्ये आहे.

४. मग कॉक चालू करावा, इंजिन मात्र बंदच ठेवावे, आणि पुन्हा पंधरा मिनिटे बघावे. आता ओल आली तर नळी किंवा कार्बोरेटरकडे बघावे. ओव्हरफ्लोच्या नळीतून थेंब आला तर दोष सुई-फ्लोटमध्ये. वाटीच्या जोडावरून आला तर गॅसकीटमध्ये.

ओल नेमकी कुठे उमटते हे कळत नसेल तर संशयित जागेवर अंगाला लावायची पावडर थोडी भुरभुरावी. पेट्रोल लागले की तिथे लगेच काळपट रेघ दिसते.

जागा तशी दुरुस्ती

टाकीचे झाकण. टाकी काठोकाठ भरून गाडी उन्हात लावली आणि झाकणातून पेट्रोल आले, तर तो गाडीचा दोष नव्हे. दहा लिटर पेट्रोल वीस अंशांनी तापले की सुमारे दोनशे मिलिलिटरने फुगते. त्याला जागा पाहिजे. म्हणून टाकी गळ्यापर्यंत भरू नये. टाकी अर्धी असतानाही खड्ड्यात हिसका बसला की झाकणाशी ओल येत असेल, तर झाकणाचे रबर बदलावे. झाकणाला हवेचे बारीक भोक असते. ते बुजवू नये, नाहीतर पेट्रोल खाली उतरणार नाही आणि गाडी चालता चालता बंद पडेल.

टाकीचा पत्रा. टाकीत पाणी साचून आतून गंज चढतो आणि बुडाशी सुईएवढे भोक पडते. गावाकडे अशा भोकावर कपड्याचा साबण घासून वेळ मारून नेतात. गॅरेजपर्यंत जायला तो उपाय ठीक, पण ती दुरुस्ती नव्हे. टाकी उतरवून जाणत्या कारागिराकडून झाळून घ्यावी. इथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी: रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची, कारण तिच्यात वाफ आणि हवा यांचे मिश्रण असते आणि ते स्फोटासारखे पेटते. ट्रॅक्टरची ट्रॉली जोडणाऱ्या वेल्डरकडे "जरा टाका मार" म्हणून टाकी देऊ नये. टाकी पुन्हा पुन्हा धुऊन वाफमुक्त करण्याची सोय ज्याच्याकडे आहे, त्याच्याकडेच द्यावी.

कॉक. कॉक दोन जागी गळतो. टाकीला जिथे बसतो तिथले वायसर किंवा ओ रिंग कडक होते, आणि दांडीच्या आत जी भोके असलेली रबरी चकती असते ती झिजते. दोन्ही भाग सुटे मिळतात. दांडी फारच सैल झाली असेल तर नवा कॉक बसवावा. काम करण्यापूर्वी टाकीतले पेट्रोल झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात काढून घ्यावे. कॉक काढल्यावर आतली बारीक जाळी धुवावी. त्या जाळीत लाल गंज दिसला तर टाकीही धुवायला झाली असे समजावे. कॉक पुरता बंद होतो की नाही हेही तपासावे. कार्बोरेटरकडची नळी काढून बाटलीत सोडावी आणि कॉक बंद करून पाच मिनिटे बघावे. एकही थेंब येता कामा नये.

नळी. नळी बोटांनी वाकवून बघावी. वाकवल्यावर भेगा दिसल्या, टोके कडक किंवा फुगून चिकट झाली, तर बदलावी. टोक कापून पुन्हा बसवण्याने चार दिवस निघतात, एवढेच. आपल्याकडे सलाईनची नळी किंवा ठिबकची बारीक नळी पेट्रोलला लावायची पद्धत पडली आहे. ती पहिले काही दिवस छान दिसते, मग पेट्रोलने काठीसारखी कडक होते आणि एक दिवस निसटते, तेही तापलेल्या इंजिनावर. पेट्रोलसाठीचीच नळी, जुनीच्याच आतल्या मापाची घ्यावी. दोन्ही टोकांना स्प्रिंगची क्लिप लावावी. बाइंडिंग तारेने आवळू नये, तार रबर कापते. नळी पीळ न पडता, सायलेन्सरपासून लांबून न्यावी. फिल्टरवर बाण असतो, तो कार्बोरेटरकडे असावा.

वाटीचे गॅसकीट. वाटीच्या जोडावर ओल असेल तर आधी स्क्रू घट्ट आहेत का बघावे. ते समोरासमोरचे आळीपाळीने आवळावेत, पण जोर लावू नये. कार्बोरेटरचा धातू मऊ, आटे लगेच जातात. तरी ओल राहिली तर गॅसकीट नवे टाकावे. जुने गॅसकीट पेट्रोलने फुगलेले असते, ते खाचेत परत बसत नाही. वाटीच्या तळाचा ड्रेनचा स्क्रूही बघावा.

सुई आणि फ्लोट. ओव्हरफ्लोच्या तक्रारीत पुष्कळदा कारण कचऱ्याचे असते. ड्रिपरमध्ये वाळूचा कण अडकावा तसा गंजाचा कण सुईखाली अडकतो. पहिला उपाय बिनखर्चाचा. कॉक बंद करावा, ड्रेनचा स्क्रू ढिला करून वाटीतले पेट्रोल बाटलीत सोडावे, क्षणभर कॉक चालू करून आणखी थोडे वाहू द्यावे, मग स्क्रू आवळावा. पेचकसाच्या मुठीने वाटीवर हलके टकटक करावे. कण निघाला तर गळती तिथेच थांबते.

नाही थांबली तर कार्बोरेटर उतरवून वाटी काढावी लागते. फ्लोटची पिन ढकलून फ्लोट आणि सुई अलगद काढावी. सुईच्या टोकावर नखाला लागेल अशी गोल खाच पडली असेल तर सुई झिजली, नवी घालावी. ती बसते ती जागा मऊ फडक्याने पुसावी, तारेने किंवा पिनेने खरवडू नये. फ्लोट कानाशी हलवावा. आत पेट्रोल खुळखुळले तर तो फुटका, तो तरंगणार नाही, बदलावा. सगळे जोडल्यावर वाटी न लावता कार्बोरेटर उलटा धरावा आणि पेट्रोल येण्याच्या तोंडाला स्वच्छ नळी लावून हलकेच फुंकावे. हवा अडली पाहिजे. सुलटा केला की हवा गेली पाहिजे. एवढी परीक्षा उतरली की सुई बसली म्हणावे. फ्लोटची उंची गाडीगाडीची वेगळी असते. तिच्यासाठी त्या गाडीचे माप माहीत असलेला मेकॅनिक गाठावा, अंदाजाने पत्ती वाकवू नये.

ओव्हरफ्लोच्या नळीकडे कोणी बघत नाही. चिखलाने किंवा कुंभारीण माशीच्या घराने ती बुजली, तर जास्तीच्या पेट्रोलला बाहेरची वाट राहत नाही आणि ते इंजिनात उतरते. मग एकाएकी किक जड लागते किंवा ऑइलला पेट्रोलचा वास येतो. अशा वेळी किकवर नाचू नये. फोर स्ट्रोक गाडी असेल तर ऑइलची पातळी वाढलेली दिसेल. पातळ झालेल्या ऑइलवर इंजिन चालवले तर बेअरिंग आणि पिस्टन घासतात. आधी गळती दुरुस्त करावी, ऑइल बदलावे, मगच गाडी चालू करावी.

आपले इथेनॉल आणि जुने रबर

आता एक विषय आपल्या सर्वांच्या जिव्हाळ्याचा. पेट्रोलमध्ये मिसळले जाणारे इथेनॉल आपल्या उसापासूनही होते. २००१ साली देशात याचे पहिले प्रयोग झाले, त्यांत आपल्या महाराष्ट्रातली मिरज आणि मनमाड ही ठिकाणे होती. जून २०२२ मध्ये देशाने दहा टक्के मिश्रण गाठले, फेब्रुवारी २०२३ मध्ये वीस टक्क्यांचे पेट्रोल पंपावर यायला सुरुवात झाली आणि २०२५ मध्ये मिश्रण वीस टक्क्यांपर्यंत पोचले. उसाला आणि कारखान्याला याचा आधार आहे, हे सभासदांना सांगायला नको. पण वस्तू आपली असली म्हणून तिचे गुणच सांगायचे आणि खोडी झाकायच्या, हे बरे नव्हे.

इथेनॉल पाणी ओढते. पावसाळ्यात गाडी महिनोन् महिने अर्ध्या टाकीने उभी राहिली, तर ओलावा साठतो, पाणी आणि इथेनॉल मिळून तळाला बसते आणि पत्र्याला गंज चढतो. दुसरे, जुन्या टाकीत चिकटलेला मळ इथेनॉलने सुटतो आणि खाली येऊन जाळीत, जेटमध्ये, सुईखाली अडकतो. तिसरे, जुन्या गाड्यांतले काही प्रकारचे रबर आणि बुचाचे वायसर त्याने फुगतात, मऊ पडतात, आणि वाळले की आखडतात. म्हणजे जी गळती आपण "गाडी म्हातारी झाली" म्हणून सोडून देतो, ती पुष्कळदा गाडीची नसून वीस वर्षांच्या रबराची असते. निती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या बांधणीच्या दुचाकींचे अॅव्हरेज वीस टक्के मिश्रणावर तीन ते चार टक्क्यांनी घटेल असे म्हटले होते. त्याहून फार जास्त घट दिसली तर दोष इथेनॉलला देण्यापूर्वी गाडीखाली वाकून बघावे.

उपाय सोपा आहे. नळी, झाकणाचे रबर, कॉकच्या चकत्या, वाटीचे गॅसकीट, ड्रेन स्क्रूची रिंग आणि सुई हे सगळे एकदाच नवे टाकावे. दुकानात मागताना इथेनॉलच्या पेट्रोलला चालणारे द्या, असे स्पष्ट सांगावे. गाडी महिनाभराहून जास्त उभी राहणार असेल तर कॉक बंद करून वाटी रिकामी करावी.

हे मात्र करू नये

नळीला तोंड लावून पेट्रोल ओढू नये. घोटभर पेट्रोल फुफ्फुसात गेले तर जिवावर बेतते. कोणी गिळलेच तर त्याला ओकायला लावू नये, तडक दवाखान्यात न्यावे.

काढलेले पेट्रोल पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत घरात ठेवू नये. लेकरे तहानेने तोंडाला लावतात.

जोडाला नळाची पांढरी टेप किंवा हार्डवेअरचे सीलंट लावू नये. टेपचे तुकडे आणि सुटलेले सीलंट जेटमध्ये जाऊन बसतात, आणि एकाच्या जागी दोन दुखणी होतात.

पेट्रोलला आग लागलीच तर पाणी ओतू नये. पेट्रोल पाण्यावर तरंगते आणि आग पाण्याबरोबर पसरते. माती, वाळू टाकावी, माणसे-जनावरे आधी दूर करावीत.

मोळी टाकण्याआधी

कारखान्याची मोळी पडण्याआधी आपण बैलगाडी, ट्रॉली, जू, साट्या सगळे तपासतो. त्यात मोटारसायकलीचा अर्धा तास धरावा. वर सांगितल्याप्रमाणे कागद पसरून दोन वेळा पंधरा मिनिटे बघायचे, झाले. दुरुस्ती केली असेल तर इंजिन पाच मिनिटे चालवून, बंद करून, पुन्हा एकदा कागद बघावा. कागद कोरडा तर काम पुरे.

आणि रोजची सवय एकच. गाडीवरून उतरलो की चावीबरोबर कॉकही बंद. पाचटावर गाडी उभी करायची नाही, मोकळ्या रानात किंवा रस्त्याच्या कडेला लावायची. घरात ज्याच्या हाती गाडी जाते त्या प्रत्येकाला, मुलाला, सुनेला, गड्याला, कॉक कुठे आहे आणि कसा फिरवायचा हे दाखवून ठेवावे. त्याला ना खर्च, ना मेकॅनिक. ठिबकचा एक ड्रिपर गळताना दिसला तरी आपण थांबून तो दुरुस्त करतो, आणि ते तर पाणीच असते.

आपला,
ऊस विकास अधिकारी, टेंभुर्णी